टोकावरच्या खडकावर लिहायचं राहिलेलं नाव

डोंगर सोपा असला की त्याची धडगत नसते. अवघड कड्याला दोर लागतो, छाती लागते, म्हणून तो वाचतो. शहराबाहेरचा हा डोंगर दीड तासात वर, तासाभरात खाली. मग रविवारी अख्खं शहर त्याच्या अंगावर. चपला घालून येतात, गाणी लावून येतात, फांद्या मोडून काठ्या करतात आणि वर पोचल्यावर ‘काय शांतता आहे!’ म्हणून बोंबलतात.

या गर्दीला वाट दाखवणारे बाण पेंटरने काढलेत. मोजून त्रेचाळीस. एकही वाकडा नाही.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. शाळा आठवीत सुटली, ब्रश सुटला नाही. पुढे छापील फ्लेक्स आले आणि त्याची अक्षरं एकेक करून उतरली. मिठाईवाला गेला, शिंपी गेला, शेवटी दवाखानाही गेला. राहिले ते डोंगरावरचे बाण. तेही त्याने कसे काढले, तर आधी तारेच्या ब्रशने खडक घास घास घासून. “न घासता रंग लावणं म्हणजे अंघोळ न करता अत्तर फासणं,” असं तो छाती काढून सांगायचा. कामात चुकारपणा त्याच्या रक्तातच नव्हता. घात केला तो याच चोखपणाने.

गिर्यारोहण मंडळाच्या सेक्रेटरीने एक दिवस दारात येऊन सांगितलं, “टोकावरच्या मोठ्या खडकावर मंडळाचं नाव हवंय. पुरुषभर उंच अक्षरं. खालच्या रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे.”

पेंटरचे पाय आठवडाभर जमिनीवर नव्हते. पाट्या उतरवता येतात, डोंगर कोण उतरवणार? घरातल्या फरशीवर त्याने खडूने अक्षरं आखली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत.

“मी पाय कुठे ठेवू?” बायको ओरडली. “वेलांटीवर की मात्रेवर?”

“वेलांटीवरून उडी मार. पुसलीस तर बघ!”

शनिवारी सकाळी तो खडकाचं माप घ्यायला निघाला, तर वहिनी पिशवी घेऊन तयार. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, पण जिभेची नोकरी चालूच.

“भाऊजी, मीपण येते. गुडघे राजीनामा देण्याआधी एकदा वर जाऊ दे मला.”

नवव्या बाणापाशी ती दम खायला थांबली. बाणाकडे बघत राहिली.

“इथे आधी काय होतं?”

“खडक. आणखी काय असणार?”

“खडकावर?”

“डाग होते हो. बुरशीसारखे, नारिंगी, राखाडी. घासून काढले सगळे. बघा कसा लख्ख झालाय.”

वहिनीने त्या लख्ख दगडावरून बोट फिरवलं आणि पुढे चालू लागली. टोक येईपर्यंत बोलली नाही. वहिनी गप्प म्हणजे परीक्षेत नापास झाल्यासारखं, हे पेंटरला ठाऊक होतं. पण विषय कोणता ते कळेना.

वरचा खडक उतरता, दहा हत्तींच्या पाठीएवढा. त्याच्यावर ठिकठिकाणी तेच डाग होते. मधोमध ताटाएवढा एक गोल, नारिंगी, काळ्या कडेचा. पेंटरने टेप काढला. वहिनीने पिशवीतून भिंग काढलं.

“झोपा पोटावर.”

“या वयात?”

“उभ्याने दिसणार नाही. झोपा म्हणते ना!”

पेंटर आडवा झाला, डोळा भिंगाला लावला आणि तसाच राहिला. त्या डागात वाट्या होत्या. खसखशीहून बारीक, शेकडो, प्रत्येकीला उचललेला काठ, प्रत्येकीच्या पोटात आपली आपली सावली. नारिंगी एक नव्हता. काठाला वेगळा, तळाला वेगळा, उन्हाकडे वेगळा. आयुष्यभर रंग कालवलेल्या माणसाला त्यातला एकही डब्यातून काढता आला नसता. आणि कडेने काळी रेघ, वळणावळणाने जाणारी, कुठेही हात न थरथरलेली.

“वहिनी,” तो म्हणाला, “ही बॉर्डर कुणी मारली?”

“त्याची त्यानेच. दगडफूल आहे ते. जिवंत आहे. दोन जीव मिळून एक. एक दगडाला धरून बसतो, दुसरा उन्हावर जेवण बनवतो.”

“नवरा-बायकोच की!”

“त्याहून बरं. भांडत नाहीत.” मग ती हळू बोलली. “असलं दगडफूल कडेने तांदळाच्या दाण्याएवढं पसरायला बारा वर्षं घेतं, भाऊजी.”

पेंटरने टेप लावला. मधल्या बिंदूपासून काळ्या कडेपर्यंत वीस दाणे बसत होते. त्याने मनात गुणाकार केला, चुकला असेल म्हणून बोटांवर केला. दोनशे चाळीस वर्षं. त्याचा खापरपणजोबा रांगत होता की नव्हता, तेव्हापासून हे इथे ऊन खात बसलेलं. शहर नव्हतं, रस्ता नव्हता. एवढ्या पावसाने, एवढ्या वाऱ्याने जे निघालं नाही, ते त्याने नवव्या बाणाखाली चहा थंड होण्याआधी काढलं होतं.

“त्रेचाळीस ठिकाणी,” तो म्हणाला. “कशाकशाच्या अंगावरून ब्रश फिरवला मी!”

“मला विचारू नका. माझ्याच्याने बोलवत नाही.”

रविवारी सेक्रेटरी चाळीस सभासद, पांढऱ्या रंगाचा डबा आणि नवाकोरा तारेचा ब्रश घेऊन वर आले. डब्याचं झाकण उघडलं. पेंटर खडकासमोर वाट अडवून उभा होता, हातात वहिनीचं भिंग.

“साहेब, मी लिहिणार नाही.”

“म्हणजे? एवढी माणसं गोळा केलीत मी!”

“मग त्यांना दाखवा काहीतरी. नाव नको.”

“तुमच्यावाचून अडतं असं समजू नका. स्प्रेवाला बोलावला तर तासाभरात होतं.”

पेंटरची कानशिलं तापली. “बोलवा! दहा बोलवा! पण आधी इथे आडवे व्हा आणि बघा तुम्ही काय पुसणार आहात ते. बघून मग सांगा ‘घासा’, मी स्वतः ब्रश धरतो.”

“सगळ्यांसमोर? पोटावर?”

“मी झोपलो. तुमचं पोट काय वेगळं आहे?”

कुणीतरी खुदकन हसलं. सेक्रेटरी चिडून, कडक पँट सांभाळत आडवे झाले. भिंग डोळ्याला लावलं. पेंटर शेजारी उभा. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्या भिंगाखाली होतं आणि ते हातचं जावं म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मागचे सभासद वाकून बघायला लागले, तशी त्यांची सावली खडकावर पडली.

“सरका रे बाजूला!” सेक्रेटरी डोळा न उचलता खेकसले. “उजेड अडवू नका. आणि तो पाय काढ आधी खडकावरून!”

पेंटरने रंगाच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि मुठीने ठोकून घट्ट बसवलं.