टकल्या अबू सखरचा कंगवा

अबू सखरच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता, पण खिशात कंगवा मात्र कायम असायचा. शिकागोजवळच्या आमच्या ब्रिजव्ह्यू गावात नवीन आलेल्याला हे कोडं वाटे. जुन्यांना ठाऊक होतं. आमच्या मशिदीत अधूनमधून आसपासच्या अमेरिकन लोकांना बोलावतात, चहा पाजतात, बकलावा खिलवतात. आम्हीही माणसंच आहोत, हे त्यांना पटावं म्हणून. त्या दिवशी बाकीचे ताटल्या वाटत फिरायचे आणि अबू सखर दारातच उभा राहून खिशातून कंगवा काढायचा.

"हे बघा," तो म्हणायचा, "आमच्या धर्मात माणसं या कंगव्याच्या दातांसारखी. एक उंच नाही, एक बुटका नाही. अरब नाही, परका नाही, गोरा नाही, काळा नाही. सगळे सारखे!" मग कंगव्यावरून अंगठा असा फिरवायचा की टर्रर्र आवाज यायचा. गोऱ्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. एकदा तर एका बाईनं त्या कंगव्याचा फोटो काढून नेला.

आता याच माणसाची अर्धी हयात कुठं गेली ते ऐका. शिकागोच्या दक्षिण भागात, काळ्या लोकांच्या वस्तीत त्याचं किराणा दुकान होतं. आमच्यातल्या पुष्कळांची होती, लपवायचं काय त्यात. गल्ल्यापुढं जाडजूड काच, गोळीसुद्धा आत येणार नाही अशी, आणि काचेला खाली एक फट. फटीतून दूध, पाव, सिगरेटी बाहेर जायच्या. अबू सखर काचेमागून सगळ्यांना 'माय फ्रेंड' म्हणायचा, कारण नाव एकाचंही ठाऊक नव्हतं. पुढं दुकान विकलं, ब्रिजव्ह्यूत घर घेतलं, हजला जाऊन आला आणि मग त्याला समतेचा साक्षात्कार झाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पण गावात त्याची खरी वट होती ती जाहामुळं. आमच्या पॅलेस्टिनी लोकांत मुलगी मागायला पोरगा एकटा जात नाही. वडीलधाऱ्या पुरुषांचा जथा घेऊन जातो, त्याला जाहा म्हणतात. मुलीकडचे कडू कॉफी देतात, बिनकानाच्या इवल्याशा फिंजानात. जाहाचा म्होरक्या तो फिंजान घेतो आणि न पिताच समोर ठेवतो. म्हणतो, "आमचं मागणं मान्य होईपर्यंत तुमची कॉफी पिणार नाही." मुलीचा बाप म्हणतो, "प्या कॉफी, जे मागायला आलात ते तुमचं." की झालं. सगळं आधीच ठरलेलं असतं, हॉलसुद्धा बुक झालेला असतो, पण हे नाटक झाल्याशिवाय लग्न पक्कं नाही. आणि पाहुण्यांनी कॉफी न पिता उठून जाणं, यापरती नाचक्की नाही. त्या घराकडं पुढं कुणी सरळ नजरेनं बघत नाही.

या नाटकातला बालगंधर्व म्हणजे अबू सखर. सोनेरी काठाचा अंगरखा, हातात जपमाळ, मिशीला तेल. फिंजान खाली ठेवताना तो असा सुस्कारा टाकायचा की जणू दोन देशांचा तह करतोय. अब्राहमापासून सुरुवात करून नवऱ्या मुलाच्या दंतवैद्यकीच्या पदवीपर्यंत यायचा. मिठाईवाला अबू फवाज एकदा म्हणाला होता, "अरे अबू सखर, जरा आवर. मुलीचं वय वाढतंय." तेव्हापासून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तरी बसायचा तो अबू फवाजच्याच दुकानात. कारण ऐकायला माणसं तिथंच.

मशिदीतल्या अशाच एका चहापानाला इद्रिस आला. काळा, उंच, शाळेत गणित शिकवणारा पोरगा. आजोबांनी वाढवलेला, चर्चमध्ये लहानाचा मोठा झालेला. त्यानं कंगव्याचं भाषण ऐकलं आणि त्याच्या मनात काय हललं ते देव जाणे. पुन्हा आला, पुन्हा आला, वर्षभरात कलमा पढला. मुसलमान झाला, इद्रिस हे नावही तेव्हाच घेतलं.

मग काय विचारता! अबू सखरला आभाळ ठेंगणं झालं. येईल त्या पाहुण्यापुढं इद्रिसला उभा करायचा, त्याच्या खांद्यावर हात टाकायचा. "हा माझा मुलगा! माझ्या कंगव्यानं आणला याला." इद्रिस बिचारा हसायचा. त्यानं ते खरंच मानलं, एवढीच त्याची चूक.

तहानी ही अबू सखरची लेक, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. तिनं आलेली स्थळं एकामागून एक परत पाठवलेली, बापानं त्यापायी स्वतःच्या डोक्यावरचे शेवटचे केस घालवले असं तो सांगायचा. मशिदीतल्या मुलांच्या शिकवणीत तिची आणि इद्रिसची ओळख झाली. चारचौघांसमोर बोलायचे, वावगं काही नाही. पण उम्म सखरला, म्हणजे अबू सखरच्या बायकोला, सगळं दिसत होतं. आईला दिसतंच.

एका दुपारी इद्रिस थेट अबू फवाजच्या दुकानात आला. मंडळी बसलेली. अबू सखरच्या तोंडात कुनाफा मिठाईचा मोठा घास.

"काका," इद्रिस अदबीनं म्हणाला, "तुम्ही मला मुलगा म्हणता. म्हणून कुणाला मध्ये न घालता तुमच्याकडेच आलो. तहानीसाठी तुमच्या घरी यायची परवानगी हवी."

घास अडकला. अबू फवाजनं पाठीत दोन दणके घातले, गरजेपेक्षा जरा जोरातच. अबू सखरनं पाणी प्यायलं, मिशी पुसली. मनात म्हणाला, मुलगा म्हटलं होतं रे बाबा, जावई कुठं म्हटलं होतं! पण हे तोंडावर कसं बोलणार? दुकानभर लोक, आणि खिशात कंगवा.

"बेटा," तो गोड आवाजात म्हणाला, "माझी काही ना नाही. पण आमच्यात रीत असते. जाहा लागते. वडीलधारी माणसं, खानदान. तुझं इथं कोण आहे? उद्या तू पुरुषांची जाहा घेऊन माझ्या दारात आलास, तर मी स्वतःच्या हातानं कॉफी ओतीन. आणि माझ्या घरातून कुणी कॉफी न पिता गेला, तर ही मिशी काढून अबू फवाजच्या काउंटरवर ठेवीन!"

मंडळी हसली. अबू सखरही हसला, आपल्याच हुशारीवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी उम्म सखर वाटच बघत होती. बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती.

"शाबास!" ती म्हणाली. "पोरगा नमाजी, कमावता, निर्व्यसनी. काय कमी आहे त्याच्यात? की काय जास्त आहे? रंग?"

"रंगाचा काय संबंध? रीत आहे, घराणं आहे…"

"आणि आपल्या पोरानं, सखरनं, टेक्सासहून ती गोरी बायको आणली, तेव्हा कुठं गेलं होतं घराणं? कलमासुद्धा पढली नाही ती. तुम्ही बकरे कापलेत! तिच्या बापाला मिठी मारलीत. त्याला बिअर हवी होती, तर तीही शेजाऱ्याकडून आणून दिलीत!"

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळीच. पांढरी होती ती."

तहानी जिन्यात उभी होती. खाली आली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्या तोंडावर दार आपटून मी जाणार नाही. तुम्ही हो म्हणालात तरच करीन. पण नाही म्हणालात, तर दुसरा कुणी आणू नका. मला शपथ घालू नका, रडू नका. मी तुमच्याजवळच राहीन, एकटी." एवढं बोलून वर गेली. अबू सखरला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोरगी त्याचा जीव होती, हे मीही कबूल करतो. पण लोक काय म्हणतील ही त्याची दुसरी लेक होती, आणि तीच लाडकी.

उम्म सखर त्यानंतर फार गप्प गप्प राहू लागली. शिवाय रोज दुपारी गाडी घेऊन कुठंतरी जायची. त्यानं विचारलं, तर म्हणाली, "गुडघ्यांच्या व्यायामाला."

आणि मग एका रविवारी, चर्च सुटल्यावर, जाहा आली.

इद्रिसनं दिवस आधी कळवला होता, म्हणून अबू सखरनं अबू फवाजसकट आपली सगळी मंडळी मुद्दाम बोलावून ठेवली होती. पोरगा मशिदीतले दोन मित्र घेऊन येईल, आपण त्याला प्रेमानं समजावू, सगळ्यांसमोर विषय संपेल, हा त्याचा बेत. खिडकीतून पाहिलं, तर गाड्यांची रांग कोपऱ्यापलीकडे गेलेली. गाड्यांतून म्हातारे उतरत होते. इस्त्रीचे सूट, डोक्यावर हॅट, आरशासारखे बूट. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या हाताला धरून. आमच्या लोकांच्या जाहात अर्धे जण जीन्स घालून येतात, फोन बघत बसतात. हे लोक अंत्यविधीला जावं तसे गंभीर आले होते. शेजारणी हिरवळीवर येऊन उभ्या राहिल्या.

सगळ्यांत पुढं इद्रिसचे आजोबा, होरेस टिल्मन. आयुष्यभर शहराची बस चालवली, आता चर्चमधले वडीलधारे. आत आले, हॅट काढून मांडीवर ठेवली आणि बरोबर म्होरक्याच्या जागी बसले. अबू सखरच्या पुतण्यानं कॉफी फिरवली. होरेसनं उजव्या हातानं फिंजान घेतला, ओठांपर्यंतही नेला नाही, समोरच्या टेबलावर ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "आमचं मागणं मान्य होईपर्यंत आम्ही तुमची कॉफी पिणार नाही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. गुडघ्यांचा व्यायाम कुठं चालला होता, ते अबू सखरला तेव्हा कळलं.

होरेस सावकाश बोलत होते. "मला तुमच्यासारखं भाषण येत नाही. पण तुम्ही मला ओळखता. निदान ओळखायला हवं. तुमच्या दुकानासमोर माझा बसथांबा होता. हा पोरगा ज्या दुधावर वाढला ते तुमच्याच फटीतून आलं. तुम्ही मला माय फ्रेंड म्हणायचात. मी एकदा माझं नाव सांगितलं होतं. काच जाड होती, ऐकू गेलं नसेल."

अबू सखर त्या चेहऱ्याकडं बघत राहिला. चेहरा ओळखीचा होता. काचेतून रोज पाहिलेला, आणि काचेशिवाय आजच.

"पोरगा येशूला सोडून तुमच्याकडं आला, तेव्हा मी रडलो," होरेस म्हणाले. "त्याला विचारलं, असं काय दिसलं तुला तिथं? म्हणाला, एका माणसाकडं एक कंगवा आहे. तेव्हा मी चर्चचा माणूस, एवढ्या लांब येऊन बसलोय. म्हटलं, बघावा तरी कसला कंगवा आहे."

अबू सखरचा हात आपसूक खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. बाहेर काढण्याची काही हिंमत झाली नाही.

"तुमचा मान मोठा आहे," तो कसाबसा म्हणाला. "पण अशा गोष्टीत… भावकीला विचारावं लागतं… थोडा वेळ…"

"अबू सखर," अबू फवाज मधाळ आवाजात म्हणाला, "कॉफी निवतेय बरं का."

पाहुण्यांच्या समोरचे सगळे फिंजान तसेच भरलेले. एकही ओठांना लागलेला नाही. अबू सखरनं खोलीभर नजर फिरवली. हे लोक असेच उठून गेले, तर मंगळवारपर्यंत सगळ्या ब्रिजव्ह्यूला कळेल. पुन्हा कुठल्याही जाहाला त्याला कुणी बोलावणार नाही. सोनेरी काठाचा अंगरखा कपाटात कसर लागून पडेल. वर मिशी जाईल ती वेगळीच. जिन्यावर तहानी उभी होती. तिच्याकडं मात्र त्याला बघवेना.

त्याचं हृदयपरिवर्तन झालं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी तिथं होतो. माणूस कोंडीत सापडला होता, बस्स. अहंकारानं घातलेला पेच अहंकारानंच सोडवला. पण पोरीचं भलं झालं, मग मी तरी कशाला तक्रार करू?

"प्या कॉफी," तो पुटपुटला. "जे मागायला आलात ते तुमचं."

वरून तहानीचा हुंदका ऐकू आला. इद्रिसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हातारे एकमेकांच्या पाठी थोपटू लागले आणि त्यांनी फिंजान उचलले. होरेसनं नाही उचलला.

"निवली आहे," ते म्हणाले. "मी असं ऐकलं की तुम्ही स्वतःच्या हातानं ओतणार होतात."

अबू फवाजनं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. अबू सखर उठला. डाव्या हातात कॉफीचं भांडं घेतलं, उजव्या हातात नवा फिंजान, आणि होरेस टिल्मनपुढं उभा राहिला. ओतली. होरेसनं प्यायली आणि रिकामा फिंजान पुढं धरला. अबू सखरनं पुन्हा ओतली. पुन्हा प्यायली, पुन्हा पुढं धरला.

आता आमच्यात रीत अशी, की पुरे झालं की पाहुणा फिंजान जरासा हलवतो. हलवला नाही, तर यजमानानं ओतत राहायचं. थांबता येत नाही, बसता येत नाही. उम्म सखरनं म्हाताऱ्याला सगळं शिकवलं होतं. कुठं बसायचं, काय म्हणायचं, फिंजान कुठल्या हातानं धरायचा. फक्त हलवायचं तेवढं शिकवलं नव्हतं. विसरली, असं ती आजही म्हणते.

अबू सखरच्या कपाळावर घाम आला, हात भरून आला. स्वयंपाकघराच्या दारात उम्म सखर ओढणीशी चाळा करत उभी होती. तिनं एकदाही खूण केली नाही.

"कॉफी चांगली आहे," होरेस म्हणाले आणि फिंजान पुन्हा पुढं केला. "इतकी वर्षं तुमच्या दारात येत होतो. आज पहिल्यांदाच चव कळली."

अबू सखरनं वर पाहिलं. मग भांडं दुसऱ्या हातात घेतलं, दुखरा हात झटकला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "नाव काय म्हणालात आपलं?"

"होरेस," म्हातारा म्हणाला. "ओता."