धागा बांधलेलं तवसं

कोलशेतच्या आमच्या बाल्कनीत ऊन साडेतीन तास असतं. हे मी मोजलेलं आहे. त्या उन्हात, रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या डब्यात, आईने यंदा तवशाचा वेल लावला. तवसं म्हणजे कोकणातली पावसाळी काकडी, हातभर वाढणारी. गावचं घर बंद झाल्यापासून हे बियाणं फक्त आईच्या डबीत उरलं होतं. बिया सोळा. त्यातल्या आठ तिने लावायच्या आधीच बाळकुमच्या भाजीवाल्या मावशींना देऊन टाकल्या.

"निम्म्या?" मी विचारलं.

"बी एका घरात ठेवू नये."

मला हा हिशेब पटला नाही.

आठव्या मजल्यावर मधमाशा येत नाहीत. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने मी रोज सकाळी नरफुलातले पराग मादीफुलांना लावायचो. चौदा मादीफुलांतलं एकच धरलं. आईने त्याच्या देठाला लाल धागा बांधला. आमच्याकडे धागा बांधलेलं फळ बियाण्याचं. त्याला सुरी लावायची नाही. चाळीस दिवस वेलावर पिकू द्यायचं. मी कॅलेंडरवर खुणा करू लागलो.

तेराव्या दिवशी आईला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. एकविसाव्या दिवशी घरी आणली तेव्हा वजन एक्केचाळीस किलो होतं. डॉक्टर म्हणाले, जे खातील ते द्या. ती पेजेचे चार चमचे घ्यायची आणि मान फिरवायची.

चोविसाव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "धोंडस खावंसं वाटतंय."

किसलेलं तवसं, तांदळाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं हळदीच्या पानावर मंद भाजायचं, ते धोंडस. मी बाजारातून काकड्या आणल्या, बायकोने केलं. आईने एक घास घेऊन बशी सरकवली. "पाणचट आहे गं. तुझा दोष नाही, काकडीचा आहे."

मी बाल्कनीत जाऊन वेलाकडे बघत राहिलो. बायको मागून आली.

"अजून सोळा दिवस आहेत," मी म्हणालो.

"त्यांच्याकडे आहेत का?"

मी धागा सोडला आणि तवसं कापलं. आतल्या बिया पांढऱ्या, नखाने दबणाऱ्या. तरी त्या धुतल्या, राख लावून वाळवल्या. एकशे बारा निघाल्या. सुकून कागदासारख्या झाल्या, एकही कामाची नव्हती.

धोंडस समोर ठेवल्याबरोबर वासावरून आईला कळलं.

"धागा कोणी सोडला?"

"मी."

"एवढं एक फळ सांभाळता आलं नाही तुला." मग तिने तीन तुकडे खाल्ले, सावकाश. चौथा मागताना म्हणाली, "कडेचा दे. खरपूस."

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. म्हणजे चाळिसावा दिवस ती असतानाच येऊन गेला. थांबलो असतो तर बी आणि धोंडस दोन्ही साधलं असतं, असं आकडे सांगतात. पण शेवटच्या आठवड्यात तिच्या घशाखाली पाण्याशिवाय काही उतरत नव्हतं. हेही मी लिहून ठेवलेलं आहे.

दिवसकार्य झाल्यावर मावशींना कळवायला बाळकुमला गेलो. टॉवरांच्या मागे त्यांचं जुनं घर आहे. बातमी ऐकून त्या मला परसात घेऊन गेल्या. पत्र्यावर वेल चढला होता. एका जून तवशाच्या देठाला साडीच्या काठाची चिंधी बांधलेली.

"तुजे आईनंच सांगितलेलं, हे कापू नको म्हणून."

"किती दिवस झाले याला?"

"मोजतंय कोन? पिवलं झालं का उतरवायचं. निम्मी बी तुजी."

मागच्या रविवारी त्यांनी कागदाची पुडी दिली. चौऱ्याण्णव बिया आहेत, टणक. आईच्या डबीत भरण्याआधी सत्तेचाळीस बाजूला काढल्या. त्या कुणाला द्यायच्या, ते बायकोला विचारतो आहे.