मालक ठाण्याला असतात

"संडास आतून नीट घास. आणि स्वयंपाकघरात जाऊ नकोस, ओट्याला हात लागता कामा नये."

असं म्हणून भाडेकरूच्या बायकोने फिनेलची बाटली माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. हातात दिली नाही. मी वाकून उचलली. घासलं. मान खाली घालून.

ते घर माझं होतं. संडासाचं ते भांडं मी शहापूरच्या दुकानातून टेम्पोत घालून आणलेलं. ज्या ओट्याला हात लावायचा नव्हता, त्याचा कडाप्पा मी निवडलेला. मालकीण मी. पण त्या बाईला ते ठाऊक नव्हतं आणि मी सांगायचं नाही असं ठरलं होतं.

कसं ठरलं ते सांगते. मी आश्रमशाळेत स्वयंपाकाला जाते. नवरा गेल्यापासून मी आणि आई, दोघीच. खर्डी स्टेशनच्या जवळ आमचं घर. त्याच्यामागे भाड्याने द्यायला दोन खोल्या बांधल्या. आईने सगळा जन्म भट्टीवर विटा थापल्या, दुसऱ्यांच्या घरांसाठी. आमच्या विटा आल्या तेव्हा ती टेम्पोपाशी उभी राहिली आणि एकेक वीट वाजवून बघायला लागली. "कच्ची हाय ही. परत घे," ड्रायव्हरला म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती वीट परत करत होती.

खोल्या बघायला माणसं यायची. नळ सोडून बघायची, खिडकी उघडायची, खूश व्हायची. मग जाता जाता, "आडनाव काय तुमचं?" मी सांगायचे. आमचं आडनाव ऐकलं की इथलं शेंबडं पोरही सांगेल, हे वाडीवरचे आदिवासी. "फोन करतो," म्हणून माणसं जायची. फोन कधी आला नाही.

शेवटी एजंट धरला. त्याने मला बाजूला घेतलं. "ताई, तुमी फुडं येऊच नका. मालक ठान्याला असतात, असं मी सांगतो. तुमी मालकानं ठेवलेली झाडलोटीची बाई म्हनून फुडच्या घरात ऱ्हा. दारावरची नावाची पाटी काढून टाका. आन करारबिरार नको, कागदावर नाव दिसंल."

खोल्यांना लागलेलं कुलूप बघून जीव तुटत होता. मी पाटी काढली.

हायवेच्या कामावरचा एक साहेब बायकोला घेऊन आला. टापटीप माणसं. खोली पसंत पडली. भाडं एजंटच्या हातात देत, माझ्या हातात झाडू. ए बाई, इकडे ये. ए बाई, जाळी काढ. स्वतःच्याच घरात मागच्या दाराने जायचं आणि परवानगी मिळाली तरच आत पाय टाकायचा. बाहेर आले की अंगाची आग व्हायची. एकदा आईने विचारलं, "घर कोनाचं गो?" मला तिच्याकडे बघवेना.

मग त्यांच्याकडे पूजा होती. पाहुणे यायचे होते. आई तांदूळ घेऊन खोलीच्या पायरीवर निवडत बसली होती. ती बाई दारात आली आणि मला म्हणाली, "त्या म्हातारीला उठव पायरीवरून. लोक यायचेत."

आई लगेच उठली. गुडघ्यावर हात टेकून. "उठते बाय, उठते." सूप छातीशी धरलेलं.

ती उठली ना, तेव्हा माझं डोकं फिरलं. मला काहीही म्हटलेलं मी गिळलं होतं. हे नाही गिळता आलं.

"आई, बस," मी म्हटलं. ती उभीच. "बस म्हणते ना."

मग त्या बाईकडे वळले. "पायरी तिची आहे. घर माझं आहे. ठाण्याला कोणी मालक नाही."

ती हसली. आतून साहेब आला. "तू मालकीण? कशावरून? करार दाखव."

करार नव्हताच. नाव लपवायच्या नादात मी माझं घरसुद्धा लपवून बसले होते. त्यांनी निघायला नकार दिला असता तर मी काय करणार होते?

मी एजंटला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "सांग, हे घर कोणाचं?"

तो म्हणाला, "ताई, आपन मंग बोलू."

"आत्ता. यांच्यासमोर."

मी फोन साहेबाच्या तोंडासमोर धरला.

"ताईंचंच हाय, साहेब."

ती बाई मागे सरकली. "म्हणजे इतके दिवस आम्ही यांच्या घरात..." साहेब म्हणाला, "ही फसवणूक आहे. आधी कळलं असतं तर आलोच नसतो."

"ठाऊक आहे. म्हणूनच खोटं बोलले. आता बोलणार नाही. राहायचं तर माझ्या नावाचा करार करा. आणि मला अहो म्हणायचं."

महिना संपायच्या आत ते गेले. खोल्यांना पुन्हा कुलूप. एजंट चिडलाय. "मिळवलंत सगळं धुळीला," म्हणतो. भीती वाटते, नाही कशाला म्हणू. पण पाटी परत लावली आहे, आडनावासकट, रस्त्यावरून वाचता येईल एवढी मोठी.

वाडीवरच्या बायका विचारतात, खोली बांधावी का, कशी द्यावी? मी सांगते, बांधा. करार रजिस्टर करा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करा, मीटरचा आकडा दोघांनी मिळून बघा. पण खोली दाखवायला स्वतः जा. एजंटच्या मागे लपू नका. आडनाव आधी सांगा, नळ मग सोडून दाखवा. ज्याला जायचं तो तिथूनच जाईल.

खोली रिकामी राहिली तर राहू दे. पुढचा माणूस येईल तेव्हा आई पायरीवर बसलेली असेल. ती उठणार नाही. आत जायचं असेल तर त्याने तिला विचारायचं.