तिसरी किल्ली

गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत येऊ देणारं त्या रस्त्यावर एकच दुकान होतं, खिळेवाल्या वहिनींचं. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण आणि प्रत्येक खणावर नमुन्याला तारेनं बांधलेला एखादा स्क्रू, एखादी बिजागरी, एखादा वॉशर. गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याला सांगता येत नाही, पण दिसलं की ओळखता येतं, असं वहिनींचे यजमान म्हणायचे. "ते असतं ना, गोल, आणि त्याला बाजूला असं असतं," असं हातवारे करत कुणी आलं की ते काउंटरची फळी वर उचलायचे आणि सांगायचे, "या आत. तुमचं तुम्हीच शोधा, मला नका छळू."

यजमान गेले, पण फळी खाली आली नाही. मुलगा बापावर गेला होता. खिळे तोलताना गुणगुणायचा, गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायचा. एका हातोडीसाठी कुणी तासभर घासाघीस केली की म्हणायचा, "काका, हातोडी राहू द्या, तुमच्या बोलण्यानंच खिळा आत जाईल." शेजारचा शिंपी दिवसातून निदान दोनदा मागच्या दारानं शिरायचा, खिळ्यांच्या पोत्यावर बसून चहा प्यायचा आणि पँटला भोक पडलं की दुकानाला दोष द्यायचा.

वहिनींचं काम किल्ल्यांचं. लग्न होऊन आल्या तेव्हा कॉलेजच्या पुस्तकांपलीकडे त्यांनी काही हाताळलं नव्हतं. किल्ल्या कापायचं यंत्र त्यांनी हट्टानं शिकून घेतलं. एका चिमट्यात जुनी किल्ली, दुसऱ्यात कोरी, मग चाकाची किरकिर आणि अंगावरच्या ॲप्रनवर पितळेचा बारीक चुरा. घराचं कुलूप घेणाऱ्याला त्या एक किल्ली जास्तीची कापून देत, फुकट. दुकानाची ती रीतच पडली होती. "कुलपाबरोबर दोन येतात," त्या समजावत, "एक हरवते, आणि दुसरी कुठे ठेवली ते आठवत नाही. ही तिसरी अशा माणसाला द्या, जो तुमच्याकडे चोरी करणार नाही आणि तुम्ही आत पडलात तर धावत येईल." असा माणूस पटकन आठवत नसल्यामुळे बरेच जण ती वहिनींकडेच ठेवून जात.

मग ती दुपार आली. वहिनी वर जेवायला गेल्या होत्या. दोघे जण बिजागऱ्या बघायला आले आणि रीतीप्रमाणे आत शिरले. एकानं खण उघडला, दुसऱ्यानं मुलाच्या मानेला पिस्तूल लावलं. त्याला पालथं झोपवून ते गल्ला घेऊन गेले. वहिनी हात पुसत जिना उतरल्या तेव्हा मुलगा जमिनीवरच होता, सांडलेल्या स्क्रूंमध्ये गाल टेकून. दार बंद होऊन बराच वेळ झाला होता, पण तो उठला नव्हता.

अंगाला ओरखडाही नाही, थोडक्यात सुटला, असं सगळे म्हणाले. वहिनींना ते पटेना. सुटून आला तो कोण, हेच त्यांना कळत नव्हतं. हा गुणगुणत नव्हता. जेवताना दाराकडे तोंड करून बसत होता. गिऱ्हाइकाचं ऐकायच्या आधी त्याचे हात बघत होता. वहिनींना आपला मुलगा हवा होता, आणि तो तर समोरच बसलेला होता. हे कुणाला सांगणार? परगावी गेलेल्या लेकरासाठी झुरता येतं. शेजारच्या खुर्चीवरच्यासाठी झुरणारी आई लोकांना खुळी वाटते.

मुलानं पहिलं काय केलं, तर काउंटरवर छतापर्यंत लोखंडी जाळी बसवली. मध्ये एक हात जाईल एवढी खिडकी. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून सांगू लागलं, "ते असतं ना, गोल," आणि मुलगा आतून तुटकपणे म्हणू लागला, "नंबर सांगा." नंबर कुणाला ठाऊक असणार? लोक पुढच्या चौकातल्या मोठ्या दुकानात जाऊ लागले. शिंपी पहिल्याच दिवशी खिडकीत तोंड घालून म्हणाला, "वहिनी, दोन तिकिटं द्या बाल्कनीची." वहिनी हसल्या. मुलगा हसला नाही.

दुकानदारांच्या बैठकीत तेव्हा बंदुकीचाच विषय होता. बाजारातल्या काहींनी परवाने काढले होते. चोऱ्या त्यामुळे थांबल्या का, यावर दोन तट होते आणि दोन्ही तटांकडे आपापले किस्से होते. औषधवाल्याच्या दुकानात शिरलेला चोर नुसतं पिस्तूल बघून पळाला होता. उलट कोपऱ्यावरच्या सोनारानं, एका गिऱ्हाइकानं मोबाइल काढायला खिशात हात घातला म्हणून गोळी झाडली होती. नशिबानं ती दाराच्या चौकटीत घुसली. आता सोनार कोर्टात खेटे घालत होता, आणि त्याच्या दुकानात लोक हात वर केल्यासारखे शिरत होते.

मुलानं अर्ज केला. कायदा काही सैल नव्हता. डॉक्टरांचा दाखला, चालवायचं शिक्षण, प्रत्येक शस्त्राची नंबरासकट नोंद, दर वर्षी ते ठाण्यात नेऊन दाखवणं. शस्त्र ठेवायला भिंतीत बसवलेलं पोलादी कपाट, आणि त्याची किल्ली परवानाधारकाशिवाय कुणाच्याही हाती लागता कामा नये. शेवटी घरच्यांकडे चौकशी. हे सगळं त्यानं आईला आणि बायकोला जेवता जेवता नीट सांगितलं. कितीतरी दिवसांनी तो इतकं सलग बोलला होता. वहिनी घास हातात धरून नुसत्या ऐकत राहिल्या.

"एकदा पिस्तूल आलं ना आई," तो म्हणाला, "की जाळी काढून टाकतो. फळी वर. तुझे लोक येऊ देत आत."

या एका वाक्यावर वहिनी कितीतरी दिवस जगल्या. काम करता करता त्या मनातल्या मनात जाळीचे स्क्रू काढत. बंदुकीचा त्यांना तिटकारा होता. पण ज्या वाटेनं तो परत येणार असेल ती वाट आपण का अडवायची?

हातोडीचा प्रकार त्यानंतरचा. शिंपी नेहमीसारखा मागच्या दारानं आला आणि चेष्टेनं मुलाच्या खांद्यावर थाप मारली. मुलगा गर्रकन वळला तेव्हा त्याच्या मुठीत हातोडी होती आणि ती डोक्याच्या वर गेली होती. शिंप्याच्या हातातल्या कपातला चहा सांडला. मग शिंपी म्हणाला, "दादा, मापं घ्यायची असतील तर टेपनं घे की." हातोडी खाली आली. मुलगा वर निघून गेला. शिंप्यानं स्वतःच फडकं घेऊन चहा पुसला आणि जाताना हळूच सांगितलं, की वहिनी, चौकशीवाले माझ्याकडे आले तर मी काही बोलणार नाही. तेव्हापासून तो पुढच्या बाजूनं येऊ लागला. आधी खोकायचा, मग हाक मारायचा.

दुसऱ्या दिवशी मुलगा अंघोळीला गेला असताना वहिनींना त्याच्या शर्टाच्या खिशात पिस्तुलासाठी बसवलेल्या नव्या कपाटाची किल्ली दिसली. ती घेऊन त्या खाली आल्या, यंत्राशी बसल्या आणि तिच्यावरून आणखी एक कापून घेतली. चाकाची किरकिर घरभर गेली, पण त्या घरात तो आवाज घड्याळाच्या टिकटिकीसारखा होता, कुणाच्या कानांवर पडतच नव्हता. आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं. हात मात्र थांबला नाही. कुलूप घरात आलं होतं, आणि दोनच किल्ल्यांवर कुलूप सोडायची त्या हाताला सवय नव्हती.

चौकशीला आलेले साहेब प्रौढ होते, गुडघ्यांनी कुरकुरत जिना चढले. सुनेला विचारून झाल्यावर त्यांनी वहिनींना समोर बसवलं आणि मुलाला खाली थांबायला सांगितलं. दारू पितो का? नाही. घरात भांडणं? नाही. झोप? लागते हल्ली बरी. कुणावर हात उगारला आहे का कधी?

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग तुमची काही हरकत नाही?"

"नाही."

साहेबांनी लिहून घेतलं, मुलाला वर बोलावलं आणि कपाट बघायला गेले. मुलानं ते इतकं चोख बसवलं होतं, की साहेबांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि म्हणाले, भिंत येईल, पण हे यायचं नाही. मुलाच्या चेहऱ्यावर जुनी ओळखीची खुशी चमकून गेली. बापाला कुणी हिशेबाचा पक्का म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर अशीच यायची. वहिनींनी ती पाहिली. आता थोडकंच उरलं होतं. गप्प बसायचं, बस.

"किल्ल्या?" साहेबांनी विचारलं. मुलानं दोन्ही किल्ल्या तळहातावर ठेवून दाखवल्या. "यांच्याखेरीज?"

"कुणाकडे नाही."

साहेब पेनाचं टोपण लावत होते. वहिनींनी ॲप्रनच्या खिशात हात घातला.

"साहेब, तिसरी माझ्याकडे आहे."

मुलानं आधी किल्लीकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, ही कधी कापलीस?"

"तू अंघोळीला होतास तेव्हा."

"अगं, पण का? एवढंसं कपाट आहे. त्यात कोण अडकणार आहे?"

वहिनींना उत्तर सुचलं होतं, पण ते परक्या माणसासमोर बोलवेना. साहेबांनी ती किल्ली चिमटीत धरून उजेडात पाहिली. मग मुलाकडे न बघता, अगदी सावकाश म्हणाले, "मावशी, मघाचं एखादं उत्तर बदलायचंय का?"

खालून कुणीतरी खिडकीतून हाक मारत होतं, खिळे हवे होते. कुणीच गेलं नाही.

"हातोडी उगारली होती," वहिनी म्हणाल्या. "शेजारच्यावर. तो मागून आला म्हणून. साहेब, पोरगा वाईट नाही हो. त्याला अजून वाटतं, तो खालीच पडलाय."

साहेबांनी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. कुलूप बदलावं लागेल, ते किरकोळ आहे, असं म्हणाले. पण डॉक्टरांकडे जाऊन उपचार घेतल्याचा कागद आल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही. मी नाही म्हणत नाही, आता हो म्हणवत नाही, एवढंच. जिना उतरताना मुलाच्या खांद्याला हात लावावा असं त्यांच्या मनात आलं असावं, पण मध्येच त्यांनी तो मागे घेतला.

सूनबाई फार रागावली नाही, पण बोलली. आई, नुसती किल्ली दिली असती तर कुलपावर भागलं असतं. हातोडीचं कशाला सांगायचं? वहिनी म्हणाल्या, कळत नाही गं. खरंच कळत नव्हतं. जाळी जाणार होती, ती आपणच तोंड उघडून तिथे पक्की केली, असं त्यांना भांडी आवरताना, किल्ल्या कापताना, उगाच खिडकीतून बाहेर बघताना वाटत राहिलं. आपल्याला तो परत हवा होता, आणि येण्याची एक वाट होती. ती आपल्याच हातानं बंद झाली. बरोबर केलं असं मनाशी म्हणावं, तर समोर जाळी दिसायची.

मुलगा बरेच दिवस कामापुरतंच बोलला. "ते दे", "झालं", "नको". डॉक्टरांकडे मात्र जाऊन आला, तेही कुणाला न सांगता. सुनेला त्याच्या खिशातल्या औषधाच्या गोळ्यांवरून कळलं.

एका रिकाम्या दुपारी, खिडकीशी कुणी नसताना, तो स्टूल ओढून यंत्राजवळ येऊन बसला. वहिनींनी चाक थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तो उठून गेला असता, असं त्यांना वाटलं.

"मला दादा म्हणाला होता तो," मुलगा म्हणाला.

"कोण?"

"पिस्तूलवाला. दादा, जरा खाली झोपता का, म्हणाला. इतकं चांगलं बोलला, की मी हो म्हणालो. आई, मी त्याला हो म्हणालो." तो हाताचा पंजा उघडून बघत राहिला. "मी त्याला विचारलं पण होतं. बिजागरी घराला हवी का कपाटाला."

वहिनींच्या चिमट्यातली किल्ली केव्हाच कापून झाली होती. चाक रिकामंच फिरत होतं. त्यांना त्याला जवळ घ्यायचं होतं, सगळं विचारायचं होतं, मग काय झालं, मग तो काय म्हणाला, तू किती वेळ तसा पडला होतास, मी वर काय करत बसले होते. त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही.

"मग?" एवढंच म्हणाल्या.

तो पुढे काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात खिडकीशी एक बाई आली आणि हातवारे करत सांगू लागली, की ते असतं ना, दाराच्या वरच्या बाजूला. मुलगा उठला, खिडकीशी गेला. नंबर विचारला नाही. एक खण उघडून तिला दाखवला, मग दुसरा, मग तिसरा.

वहिनींनी यंत्र बंद केलं आणि स्टूल होतं तिथेच राहू दिलं. बाईला हवं ते काही सापडत नव्हतं. तो एकामागून एक खण काढत होता, आणि वहिनी हात मांडीवर ठेवून बसून होत्या, तो परत येऊन पुढचं सांगेल म्हणून.