सुरकुत्या असलेली बाहुली

ताईंबद्दल मी लिहावं इतका काही मी त्यांना ओळखत नव्हतो. एका छपराखाली आम्ही बरीच वर्षं काम केलं, पण त्यांना चहात साखर किती लागायची हेसुद्धा मला धड सांगता येणार नाही. त्या गेल्यावर लोक जे बोलले ते ऐकवलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

कारखाना बाहुल्यांचा. मालक म्हणजे ताईंचे सख्खे थोरले भाऊ. त्यांना सगळेच दादा म्हणत. मी मागच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी करायचो आणि ताई खिडकीपाशी बसून बाहुल्यांचे डोळे रंगवायच्या. कागदाच्या लगद्याची पांढरी डोकी खुंट्यांवर ओळीने लावलेली असत. आधी त्या अख्ख्या ओळीचे डावे डोळे काढत, मग पहिल्यापासून उजवे. नवीन मुली घाईने एकेकीचे दोन्ही डोळे काढायला जात आणि बाहुल्या तिरळ्या होत.

जेवणाच्या सुट्टीत ताई एक वेगळंच डोकं घडवत बसायच्या. म्हातारीचं. गालफडं बसलेली, ओठ आत गेलेले, कपाळभर सुरकुत्या.

"ही कोण?" मी एकदा विचारलं.

"काय माहीत! बसस्टॉपवर दिसली. माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलंन्."

दादा जाता-येता म्हणायचे, "एवढा हंगाम जाऊ दे गं. मग तुझी म्हातारी बाजारात काढू. तुझ्या नावाने काढू." हंगाम येत राहिले, जात राहिले.

मग एकदा दादांनी मला नव्या मापाची खोकी करायला सांगितली. झाकणावर चिकटवायचं चित्रही दिलं. चित्रात म्हातारी होती. मला मनापासून बरं वाटलं. एरवी मी आपणहून कुणाशी बोलायला जात नाही, पण त्या दिवशी खिडकीपाशी गेलो.

"ताई, अभिनंदन! निघाल्या म्हणायच्या आजीबाई एकदाच्या."

"कुठे निघाल्या?"

मी चित्र पुढे केलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. चित्रातल्या म्हातारीच्या सुरकुत्या घासून टाकलेल्या होत्या. गाल फुगवलेले, ओठांवर हसू, डोळे बाकीच्या बाहुल्यांसारखेच टपोरे. खाली दादांची सही.

ओळीतले उजवे डोळे व्हायचे होते. ते ताईंनी शांतपणे पुरे केले, कुंचला धुतला आणि दादांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"दादा, म्हातारी माझी होती."

"अगं, घरातलीच तर गोष्ट! तुझं काय नि माझं काय?"

"मग सही माझी चालली असती."

"तुला बाजारात ओळखतं कोण? आणि त्या सुरकुत्या बघून पोरं दचकली असती."

"मला विचारायचंस तरी."

"तू नको म्हणाली असतीस."

ताई तिथून निघाल्या, त्या पुन्हा खिडकीपाशी बसल्या नाहीत. राहायलाही त्या दादांच्याच घरी होत्या. त्या आठवड्यात त्यांनी सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली भाड्याने घेतली. इकडे दादा येईल त्याला सांगू लागले, "पाठच्या बहिणीने ऐन हंगामात दगा दिला." हळूहळू लोकांना ते खरंच वाटायला लागलं.

उरलेला पुठ्ठा द्यायच्या निमित्ताने मी तिकडे गेलो. फळीवर नवी डोकी मांडलेली होती आणि ताई त्यांच्यावर चिडून बसल्या होत्या.

"बघा! म्हातारी करा, चोर करा, हवालदार करा, डोळे काढले की दादाची बाहुली होते. हातसुद्धा त्याने ठेवून घेतला माझा."

"परत जाल?"

"रोज सकाळी वाटतं. चप्पल घालून दारापर्यंत जाते. भीती वाटते हो. या वयात मला कोण विचारणार?"

पुढच्या खेपेला खोलीत कुंचला दिसला नाही, कागदाच्या लगद्याऐवजी मातीचा गोळा होता. ओल्या मातीत अंगठा दाबून त्यांनी डोळ्यांचे नुसते खळगे केले होते, एक खोल, एक उथळ.

"ही तिरळी झालीय," मी म्हटलं.

"होऊ दे. कुणाला विचारायचं नाही आता." आणि त्या मोठ्याने हसल्या. त्यांना तसं हसताना मी कारखान्यात कधी ऐकलं नव्हतं.

ती डोकी फारशी खपली नाहीत. कुणी एखादं घेई, कुणी नुसतं बघून जाई. दादा एकदाही तिकडे फिरकले नाहीत. ताई मात्र शेवटपर्यंत मातीत हात घालून होत्या.

आमची शेवटची भेट औषधांच्या दुकानाबाहेर झाली.

"ती हसरी अजून निघते का हो?"

"निघते. चांगली चालते."

"हं." मग औषधं पिशवीत टाकत, "दादा कसा आहे?"

"बरे आहेत. गुडघा धरलाय."

"शेक घ्यायला सांगा. आळशी आहे तो. आणि मी सांगितलं म्हणू नका."

"बरं," मी म्हटलं.