दातवालीचा खुलासा

एकवीस वर्षं ती एकाच लॅबमध्ये कवळ्या बनवत होती. दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडांची मापं यायची, ती साचे ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, आणि शेवटी घासूनपुसून असं काही करायची की कवळी घातलेला माणूस आरशासमोर उगाच हसत उभा राहावा. सुळे बसवण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि रविवारी दुपारी ती जायची ती व्हॅम्पायरांच्या पत्त्यांचा खेळ खेळायला. म्हणजे सुट्टीच्या दिवशीही सुळेच. खेळ चालायचा त्या हॉलमध्ये सगळे तिला दातवालीच म्हणायचे.

हा खेळ घरात आणला तो तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने. तो पाणी गाळायची यंत्रं विकायचा आणि बोलण्यात असा पटाईत की लोक त्याला वकीलसाहेब म्हणत. त्याच्याकडून शिकून सहा महिन्यांत दातवाली त्यालाच हरवायला लागली. तिथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाच्या हाताखाली चार-पाच व्हॅम्पायर असतात, आणि ज्याच्या अंगात जितकं रक्त तितके लाल मणी त्याच्या कार्डावर ठेवायचे. समोरच्याचे व्हॅम्पायर राख केले की जिंकलात. 'कफन' नावाचं एक कार्ड आहे. ते ज्याच्या अंगावर घातलं त्याला कुणी टार्गेट करू शकत नाही. आता टार्गेट कशाला म्हणायचं? नियमपुस्तकात बाविसाव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: कार्ड खेळतानाच समोरच्या एखाद्या कार्डावर बोट ठेवावं लागत असेल, तर ते टार्गेट. मग कार्डावर शब्द कुठलाही छापलेला असो.

आठ वर्षांपूर्वी वह्या-पेनांच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये अंतिम सामना लागला तो या दोघांचाच. जिंकणारा देशभरच्या मेळाव्याला जाणार होता. दातवालीचा सगळ्यांत बलाढ्य व्हॅम्पायर कफन पांघरून निवांत बसला होता. वकीलसाहेबांनी 'भुकेला हात' खेळलं आणि त्याच्यावर बोट ठेवलं.

"याची राख."

"कफन आहे त्याच्यावर," ती म्हणाली.

"ताई, वाचा की जरा. इथे 'निवडा' लिहिलंय. टार्गेट कुठं म्हटलंय? मी कंपनीला पत्र टाकून विचारलंय, त्यांनीच सांगितलं."

तिने नियमपुस्तक पुढे ओढलं, तर त्याने हसत हसत त्यावर तळवा ठेवला. "आता काय, परीक्षेत कॉपी करणार?" सगळा हॉल हसला. पंच म्हणून बसलेला दुकानदारही हसला, आणि कंपनीनेच सांगितलंय म्हटल्यावर त्याने मान डोलावली. तिचा व्हॅम्पायर राखेत गेला, त्याच्यामागे सामनाही गेला. तिचे डोळे भरून आले, आणि नेमकं तेच वकीलसाहेबांनी पाहिलं.

त्यानंतर घरात कुणी जमलं की गोष्ट ठरलेली. "आमच्या ताई पत्त्यांत हरल्या की रडतात बरं का!" पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, एकदा तर तिच्या सासूबाईंना. धाकटीही हसायची. दातवाली वाढायचं काम करत राहायची.

तिने कंपनीला पत्र लिहिलं होतं. अकराव्या दिवशी उत्तर आलं: तुमचं म्हणणं बरोबर होतं, असं कुठलंही उत्तर आम्ही कुणाला दिलेलं नाही, मात्र लागलेला निकाल बदलता येणार नाही. ते पत्र घेऊन ती बहिणीच्या घरी गेली. वकीलसाहेबांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "अहो ताई, खेळ होता तो. किती मनाला लावून घ्यायचं?" चूक झाली असं काही ते म्हणाले नाहीत. घरी परतताना तिने मनाशी खूणगाठ बांधली. या माणसाला एक दिवस दाखवायचं.

मग तिने नियमपुस्तक पाठ केलं. नुसतं पाठ करून थांबली नाही, चुका शोधल्या. पान नऊ आणि पान एकतीस एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, अमक्या कार्डाचा मजकूर अर्धवट आहे, असं लिहून ती कंपनीला पाठवत राहिली. तीन वर्षांत तिची एवढी पत्रं गेली की शेवटी तिथल्या बाई कंटाळून म्हणाल्या, तुम्हीच का नाही खेळाडूंच्या शंकांना उत्तरं देत? तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, ती देशभरातल्या शंका सोडवायला लागली. उत्तराखाली नुसतं 'नियम-कक्ष' असं असे. हे फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो लिफ्ट दुरुस्त करणारा, मुळातच कमी बोलणारा माणूस.

यंदाच्या स्पर्धेच्या तीन आठवडे आधी एक शंका आली. खाली नाव वकीलसाहेबांचं.

'अशक्ताचा बळी' असं नवीन कार्ड निघालं होतं: समोरच्याच्या ज्या व्हॅम्पायरकडे सर्वांत कमी रक्त, त्याची राख; बरोबरी असेल तर खेळणाऱ्याने ठरवावं. वकीलसाहेबांनी आपला सगळा डेकच, म्हणजे पत्त्यांचा संच, असा रचला होता की समोरच्याच्या सगळ्या व्हॅम्पायरांचं रक्त सारखं व्हावं. म्हणजे बरोबरी होणार, आणि मग हव्या त्याचा गळा धरता येणार. त्यांचा प्रश्न होता, असं ठरवणं म्हणजे टार्गेट का? कफन आडवं येईल का? शेवटी एक ओळ: 'कृपया उत्तर मला एकट्यालाच द्यावे, स्पर्धेपूर्वी जाहीर करू नये.'

तिने दोनदा वाचलं आणि तिच्या अंगाची लाही झाली. कारण वकीलसाहेबांचं बरोबर होतं. कार्ड खेळताना बोट कुणावरच ठेवायचं नव्हतं. ठरवायचं ते नंतर, बरोबरी निघाली तर. म्हणजे टार्गेट नाही, कफन निरुपयोगी. ज्या बाविसाव्या पानासाठी ती आठ वर्षं जळली, तेच पान आज त्या माणसाच्या बाजूने उभं होतं.

तिने लिहिलं: 'होय, हे टार्गेट धरले जाईल.' एवढ्या एका ओळीत त्याचा सगळा डेक मातीत गेला असता, आणि विचारणारं कुणी नव्हतं. ती ओळ तिने दिवसभर तशीच ठेवली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"पाठव की मग," तो म्हणाला. "थांबलीस कशाला?"

"तो सोडणार नाही. वर लिहील, आणि अकराव्या दिवशी त्याला पत्र येईल, की तुमचं बरोबर होतं. ते पत्र घेऊन तो माझ्या दारात येईल. आणि ते खरं असेल. एवढं सुख मी त्याला मेल्यावरसुद्धा देणार नाही."

नवऱ्याने थोडा विचार केला. "मग दे बरोबर उत्तर. पण त्याला एकट्यालाच द्यायला हवं का?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. एखादं उत्तर जाहीर करायचं की नाही, हे कंपनीने नियम-कक्षावरच सोपवलं होतं.

तिने खुलासा लिहिला, कुणाचंही नाव न घेता. हे टार्गेट नाही, कफन उपयोगी पडणार नाही, प्रश्नकर्त्याचं म्हणणं योग्य आहे. त्याखाली उदाहरण, मण्यांच्या आकड्यांसकट. आणि त्याखाली सगळे विसरून गेलेला एक जुना नियम: कार्ड टेबलावर पडल्यावर, परिणाम होण्याआधी, समोरच्याला आपल्या कुठल्याही व्हॅम्पायरचा एक थेंब खर्च करता येतो. म्हणजे आपल्या सगळ्यांत फुटकळ व्हॅम्पायरचा एक मणी उचलला की बरोबरी मोडते, कमी रक्ताचा तोच उरतो, आणि बळी त्याचाच जातो. वकीलसाहेबांचा सगळा सापळा तिने असा उलगडून, खिळा न् खिळा दाखवून चव्हाट्यावर मांडला. देशभर पाठवून दिला. मग डबा उघडला आणि पोटभर जेवली.

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये ती पहिल्यांदाच नियम-कक्षाचा बिल्ला लावून, पंच म्हणून आली. दुसऱ्याच फेरीत वकीलसाहेबांसमोर एक मितभाषी परिचारिका बसली होती. त्यांनी ऐटीत 'अशक्ताचा बळी' टाकलं. परिचारिकेने आपल्या किरकोळ पहारेकऱ्यावरचा एक मणी अलगद उचलला आणि म्हणाली, "घ्या, हाच कमी रक्ताचा."

"असं कसं? पंच!"

दातवाली उठली. चार टेबलांचं अंतर, ती मुद्दाम सावकाश चालत गेली.

"बाईंचं बरोबर आहे," ती म्हणाली. "खुलासा शेवटपर्यंत वाचला नाहीत का? तुमच्याच शंकेवर आहे. तुमचं म्हणणं योग्य आहे असंही लिहिलंय त्यात."

वकीलसाहेबांनी बिल्ल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे... ताई, तो तुम्ही लिहिला?"

"हो. आणि नियमपुस्तक हवं असेल तर हे घ्या. मी त्यावर हात ठेवणार नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. आठ वर्षांपूर्वीचे पाच-सहा जण आजूबाजूलाच होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुकानदार खाली मान घालून पेनाशी चाळा करत बसला. तिसऱ्या डावात वकीलसाहेबांचा खेळ आटोपला, आणि परिचारिकेशी हात न मिळवताच ते जिना उतरले.

दोन आठवड्यांनी धाकटीचा फोन आला. आवाज ताठ.

"ताई, डेक देऊन टाकला त्यांनी. कपाटसुद्धा रिकामं केलं. खेळायचंच सोडलंय. झालं तुझं समाधान?"

"झालं."

"खरंच?"

"अगदी खरं. दोन आठवडे मला इतकी छान झोप लागतेय."

धाकटीचा ताठ आवाज उतरला. मग धाकटी म्हणाली, "मी पण हसायचे ना गं, ते तुझ्या रडण्याची गोष्ट सांगायचे तेव्हा."

"हसायचीस."

"मग माझं काय करणार आहेस?"

दातवालीने मेणातली कवळी उजेडाकडे धरून पाहिली. "अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. "रविवारी घरी ये. एकटी."