कूस बदललेला शंख

संग्रहालयातल्या शंखांच्या खोलीचे राखणदार म्हणजे भिंगकाका. भिंग खिशात आणि संशय नाकाच्या शेंड्यावर. बायकोने चहा जरा गोड केला, तरी यांचा पहिला प्रश्न, "काय फोडलंस?"

त्यांचा जीव तेराव्या खणात. तिथे अळीसारखे शंख. बाकीच्या गोगलगायी शहाण्यासारखं गोल घर बांधतात. समुद्रातली ही बया सुरुवातीला चार वेढे नीट घेते आणि मग मन ओढेल तिकडे वेडीवाकडी वाढत सुटते. एकासारखा दुसरा नाही! म्हणून काकांनी प्रत्येक शंखाभोवती पेन्सिल फिरवून आकार काढला होता आणि तो कागद त्याच्याच खाली अंथरला होता. कुणी अदलाबदल केलीच, तर चोरी लगेच उघडी पडावी.

सोमवारी खण उघडला आणि काकांनी खिशातलं भिंग काढलं. सातवा शंख रेघेत बसेना! शेपूट भलतीकडे, तोंड भलतीकडे.

खोलीत दुसरं येतं कोण? झाडलोटवाल्या मावशी. वीस वर्षं येतात, घरात कमावत्या त्या एकट्याच. पण काकांच्या मते वीस वर्षांचा विश्वास हीच तर चोराची खरी तयारी. त्यांनी तिथल्या तिथे साहेबांना अर्ज खरडला : बाईंना कामावरून काढावे.

तेवढ्यात मावशी झाडू घेऊन दारात.

"शनिवारी हा खण कुणी उघडला?" काकांनी डोळे बारीक केले.

"तुम्हीच की! एकेक उचलून ब्रशने पुसत होतात. मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाहीत. म्हणे, पदराचा वारा लागेल."

"हा शंख बदललाय, मावशी."

मावशींनी लांबूनच मान वाकडी करून पाहिलं. "बदलला कसला? आमच्या नातवासारखी कूस बदललीय त्यानं. उलटा करा बघू."

काकांनी नाइलाजाने शंख उलटा केला. तो रेघेत असा बसला, जणू तिथेच जन्मला होता.

काकांचे कान लाल झाले. त्यांनी गुपचूप अर्ज फाडला. बारीक बारीक तुकडे केले.

"काय फाडलंत?"

"काही नाही. जुना कागद."

"शाई तर ओली दिसतेय," मावशी तुकडे झाडूने गोळा करत म्हणाल्या. "माझं नाव तरी नीट लिहिलं होतंत ना?"

संध्याकाळी निघताना खणाला कुलूप घालून काकांनी किल्ली मावशींच्या हातात ठेवली. आता भरवसा नव्हता तो स्वतःचाच!